नांगीची बिनतारी वाट

नेपाळच्या पश्चिम भागात म्याग्दी नावाचा जिल्हा आहे. या जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, डोंगराच्या एका उतरणीवर नांगी हे लहानसे गाव वसलेले आहे. हे नाव ऐकून मराठी मुलांस विंचवाची नांगी आठवेल. परंतु गावाचा आणि विंचवाचा काही संबंध नाही. येथील वस्ती मुख्यत्वे मगर जमातीच्या लोकांची. वर पाहावे तो धौलागिरी आणि अन्नपूर्णा या पर्वतांची हिमाच्छादित शिखरे. खाली पाहावे तो खोल दरी. या भागातील तरुण पिढ्यान् पिढ्या गोरखा पलटणींत भरती होत आले आहेत. गाव सोडून गेलेल्या मुलाची खुशाली घरच्यांस कळावयाची ती त्याचे पत्र येईल तेव्हा, किंवा कोणी गावकरी सुटीवर येईल तेव्हा.

विसाव्या शतकाच्या अखेरीसही या स्थितीत फारसा पालट झाला नव्हता. गावात टेलिफोन नव्हता. मोटारीच्या रस्त्यापर्यंत पोचण्यास सुमारे ७ तास डोंगर तुडवावा लागे. तेथून मोटारीने पोखरा या शहरी जावे, तेव्हा कोठे इंटरनेट दृष्टीस पडे. वस्तुतः पोखरा काही फार दूर नव्हे. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर हे अंतर ३५ किलोमीटरांच्या आसपास भरते. परंतु नकाशावरच्या पट्टीस डोंगर चढावे-उतरावे लागत नाहीत. महावीर पुन नावाचे एक शिक्षक हा सारा प्रवास करून पोखऱ्यास जात, आपल्या नावे आलेली ई-पत्रे वाचत, त्यांना उत्तरे लिहीत आणि पुन्हा डोंगर चढून गावी येत. क्षणार्धात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पत्रासाठी माणसाने अशी पायपीट करावी, हे विचित्रच म्हणावयाचे.

महावीर पुन यांचा जन्म १९५५ साली याच गावी झाला. त्यांचे वडील गोरखा पलटणीत होते. लहानपणी त्यांच्या शाळेत कागद-पेन्सिलीचीही वानवा होती. मुले लाकडी फळीवर अक्षरे गिरवीत. मुलाने पुढे शिकावे म्हणून वडिलांनी आपले बिऱ्हाड डोंगराखालच्या सपाट प्रदेशात नेले. शिक्षण पुरे झाल्यावर पुन यांनी अनेक वर्षे शिक्षकाचा पेशा केला. पुढे १९८९ साली त्यांस अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या एका विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली. पदवी घेऊन १९९२ साली ते परत आले, ते थेट नांगीसच. गावकऱ्यांनी त्या सुमारास माध्यमिक शाळा उभारण्याचे काम हाती घेतले होते. त्या हिमांचल विद्यालयात ते शिकवू लागले.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील एका शाळेने हिमांचल विद्यालयास चार वापरलेले संगणक भेट म्हणून पाठविले. संगणक आले, पण गावात वीज कोठे होती? तेव्हा जवळच्या ओढ्याच्या धारेवर दोन लहान जनित्रे बसविण्यात आली आणि त्या विजेवर संगणक चालू लागले. पुढे निरनिराळ्या ठिकाणांहून मिळालेल्या सुट्या भागांपासून पुन यांनी आणखी संगणक जोडले. त्या भागांना पेट्या नव्हत्या. मग लाकडाच्या खोक्यांत ते बसविले. दिसावयास ते संगणक सुबक नव्हते खरे. तथापि त्यांवर मुले अक्षरे उमटवू लागली, आकडेमोड करू लागली.

आता प्रश्न उरला तो हे संगणक जगाशी जोडण्याचा. डोंगर-दऱ्यांतून तार ओढण्याचा खर्च कोणासही पेलण्याजोगा नव्हता. उपग्रहामार्फत संदेश पाठविण्याची सोय होती. पण तिचे मोल ऐकूनच गाव मागे सरे. २००१ साली पुन यांनी लंडनच्या बी. बी. सी. या प्रसारण संस्थेस पत्र लिहून आपली अडचण कळविली आणि कोणास काही उपाय सुचतो काय, असे विचारले. त्या संस्थेने ही हकीकत प्रसिद्ध केली. देशोदेशींच्या जाणकारांची उत्तरे आली. त्यांतूनच एक विचार पुढे आला. शहरांतील घरांमध्ये एका खोलीतून दुसऱ्या खोलीत संगणक जोडण्यासाठी एक लहानसे बिनतारी यंत्र वापरीत. त्याच स्वस्त यंत्राने डोंगर ओलांडता येणार नाही का?

हा विचार वेडगळ का वाटावा आणि तरीही तो खरा का ठरावा, हे समजून घेण्यासाठी त्या यंत्राची ओळख करून घेतली पाहिजे.

घरातील बिनतारी यंत्र, ज्यास राऊटर म्हणतात, ते पुस्तकाएवढ्या आकाराचे असते. बाहेरून तारेने येणारे इंटरनेट ते घेते आणि लहरींच्या रूपाने घरभर पसरविते. या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या, आणि त्यांचा वेगही प्रकाशाचाच, म्हणजे सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर. मात्र त्या डोळ्यांस दिसत नाहीत. अशा यंत्रांत ज्या लहरी नेहमी वापरतात, त्या सेकंदास सुमारे २४० कोटी वेळा कंप पावतात. वेगास कंपसंख्येने भागले म्हणजे एका लहरीची लांबी निघते. ती १२.५ सेंटिमीटर भरते; कंपासपेटीतील लहान पट्टीहून थोडी तोकडी. आकाशवाणीच्या मध्यमलहरी केंद्रांच्या लहरी याउलट शेकडो मीटर लांब असतात. लांब लहरी टेकडीस वळसा घालून पलीकडे उतरू शकतात. आखूड लहरींस ते साधत नाही. त्या प्रकाशासारख्या सरळ जातात आणि डोंगर आडवा आला की तेथेच थांबतात.

यंत्राची शक्तीही अल्पच असते. सामान्य राऊटर सुमारे एक दशांश वॅट शक्तीने लहरी सोडतो. खोलीतील लहानशा दिव्यासही याहून कितीतरी पट वीज लागते. शिवाय ही अल्प शक्ती तो चोहोंकडे उधळतो. म्हणून घरात भिंतींच्या आड तीस-चाळीस मीटर आणि मोकळ्या मैदानात फार तर ३०० मीटर, एवढीच त्याची मजल.

पण उधळपट्टी थांबविली तर? अंगणात नुसता दिवा टांगला तर त्याचा उजेड चार पावलांवर फिका पडतो. त्याच दिव्यामागे खोलगट आरसा बसविला की त्याची बॅटरी होते आणि झोत शेताच्या बांधापर्यंत जातो. दिवा तोच, वीज तेवढीच. केवळ उजेडास दिशा मिळाली. बिनतारी लहरींसाठी आरशाचे काम धातूची खोलगट तबकडी करते. दूरदर्शनचे कार्यक्रम घेण्यासाठी घरांच्या छपरांवर जशा तबकड्या लावतात, तशीच ही. ६० सेंटिमीटर व्यासाची तबकडी लहरींचे बळ एका दिशेस सुमारे शंभरपट करते. पाठविणाऱ्याकडे एक आणि घेणाऱ्याकडे एक, अशा दोन तबकड्या समोरासमोर लावल्या तर शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजारपट लाभ होतो. लहरींचे बळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. तेव्हा दहा हजारपट बळ मिळाले की पल्ला त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे शंभरपट वाढतो. ३०० मीटरांचे ३० किलोमीटर होतात! यंत्र बदलावे लागत नाही. फक्त त्याचे तोंड एका दिशेस वळवावे लागते.

याचा अर्थ असा की अंतर ही नांगीची खरी अडचण नव्हतीच. खरी अडचण मधल्या डोंगराची होती.

दोन तबकड्यांमधून एक सरळ रेषा काढली आणि ती कोठेही अडली नाही, तर त्या दोहोंत दृष्टिरेषा आहे असे म्हणतात. एका ठिकाणाहून दुसरे ठिकाण डोळ्यांनी दिसले की निम्मे काम झाले. ते दिसते की नाही हे पाहण्याच्या रीतीही साध्या असतात. एकाने डोंगरावर उभे राहून आरशाने उन्हाचा कवडसा पाडावा आणि दुसऱ्याने दुर्बीण घेऊन तो शोधावा. हवा धुरकट असेल तर नकाशावरील उंचीच्या रेषा पाहून हिशेब करता येतो. परंतु डोळ्यांस दिसणे एवढ्याने भागत नाही. लहरी दोऱ्यासारख्या बारीक रेषेने जात नाहीत. वाटेत त्या फुगतात आणि पुन्हा आटतात, जणू लांबट पडवळाचा आकार घेतात. ३० किलोमीटरांच्या उडीत हा फुगवटा मधोमध दृष्टिरेषेच्या वर आणि खाली सुमारे ३० मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीएवढा असतो. त्याचा बराचसा भाग मोकळा राहिला पाहिजे. मध्येच एखाद्या टेकाडाची कड त्यात घुसली तर समोरची तबकडी दुर्बिणीतून स्वच्छ दिसते आणि तरीही संदेश अडखळतो. नवख्या माणसास या गोष्टीचा उलगडाच होत नाही.

झाडांचेही असेच. पानांत पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. हिवाळ्यात, पानगळीच्या वेळी, सुरळीत चालणारा दुवा पावसाळ्यात पालवीने झाकला जाऊन मंदावतो. म्हणून तबकडी झाडांच्या शेंड्यांहून उंच लावावी लागते. त्यासाठी लोखंडी मनोरा हवा; पण मनोरा डोंगरावर न्यावयाचा कोणी, आणि पैसा आणावयाचा कोठून?

नांगीच्या लोकांनी यावर तोडगा काढला तो असा. मनोऱ्यापेक्षा उंच झाडे तेथे आयतीच उभी होती. २००२ साली युरोपातून काही तरुण स्वयंसेवक नांगीस आले. त्यांच्या मदतीने पुन यांनी नांगी आणि शेजारचे रामचे हे गाव यांच्यामध्ये पहिला दुवा जोडून पाहिला. दूरदर्शनच्या तबकड्या घेऊन त्या झाडांवर चढविल्या, त्यांच्या मुखाशी बिनतारी यंत्रे बसविली आणि तोंडे समोरासमोर केली. दुवा जुळला. झाडाचा मनोरा फुकट मिळतो, पण त्यास एक दोष असतो. वाऱ्याने झाड डोलते. त्यासवे तबकडी डोलते आणि लहरींचा झोत समोरच्या डोंगरावर इकडून तिकडे फिरू लागतो. तेव्हा तबकडी बारीक फांदीस न बांधता जाड बुंध्यास बांधणे शहाणपणाचे. लांबच्या उडीस मात्र लोखंडी खांबच बरा.

या कामात संकट होते ते केवळ वाऱ्या-पावसाचे नव्हे. १९९६ ते २००६ या काळात नेपाळात सरकार आणि माओवादी बंडखोर यांच्यात सशस्त्र संघर्ष चालू होता. बिनतारी यंत्रे बाहेरून आणण्यास आणि वापरण्यास सरकारचा निर्बंध होता. सैन्याच्या मनात संशय की हा शिक्षक बंडखोरांस संदेश पाठवितो. बंडखोरांच्या मनात संशय की तो सरकारचा हेर आहे. दोहोंपैकी कोणीही येऊन सारे साहित्य उचलून नेऊ शकले असते. आणि साहित्यावरच भागले असते असेही नाही. परदेशी स्वयंसेवकांच्या सामानातून यंत्रे थोडी थोडी करून गावात आली. निर्बंध मोडणे योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद होऊ शकेल. एवढे खरे की नांगीने त्या काळात नांगी टाकली नाही, आणि महावीर पुन यांनी आपले काम गावकऱ्यांपासून लपवून केले नाही. शाळेतील संगणक कोणीही येऊन पाहावे, अशी तेथील रीत होती.

रामचेचा दुवा जुळला तरी दोन्ही गावे जगापासून तुटलेलीच होती. पोखऱ्यास पोचावयाचे तर मधली डोंगररांग ओलांडणे भाग होते. लहरी डोंगर भेदून जात नाहीत. पण डोंगराच्या माथ्यावर चढून मग पलीकडे उतरू शकतात. एका उंच माथ्यावरून एका बाजूस शहर आणि दुसऱ्या बाजूस गावे दिसत असतील, तर तेथे दोन तबकड्या पाठीस पाठ लावून उभ्या कराव्या. एकीने शहराकडून आलेला संदेश घ्यावा, यंत्राने त्यास नवे बळ द्यावे आणि दुसरीने तो गावाकडे पाठवावा. पूर्वी डाकेच्या वाटेवर टप्प्याटप्प्यास ताज्या दमाचा हरकारा थैली घेऊन पुढे धावत असे, त्यासारखेच हे. अशा ठिकाणास टप्पा-केंद्र म्हणता येईल. नांगीच्या परिसरात सुमारे ३,३०० मीटर उंचीचा मोहरे डांडा नावाचा डोंगर आहे. नेपाळी भाषेत डांडा म्हणजे डोंगराची धार. या डोंगरावर असे एक केंद्र उभे राहिले. जो डोंगर वाट अडवीत होता त्याच्याच खांद्यावर वाट बांधली गेली. लहान लहान देणग्यांतून साहित्य जमले आणि सप्टेंबर २००३ मध्ये नांगीच्या शाळेतील संगणक इंटरनेटास जोडला गेला.

लांबच्या उडीत आणखी एक गोम असते. संगणक मोठा संदेश एकदम पाठवीत नाही. तो त्याची लहान लहान पाकिटे करतो, प्रत्येक पाकिटावर पत्ता घालतो आणि एकेक पाठवितो. पाकीट मिळाले की समोरचे यंत्र पोच देते. पोच आली नाही तर तेच पाकीट पुन्हा पाठविले जाते. घरासाठी बनविलेले यंत्र पोचेची वाट फारच थोडा वेळ पाहते, कारण त्यास वाटते की उत्तर देणारा पलीकडच्या खोलीतच बसला आहे. ३० किलोमीटरांवरून पाकीट जाऊन पोच येईपर्यंत लहरी ६० किलोमीटर धावतात आणि त्यास सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी २०० भाग लागतात. माणसास हा काळ जाणवणारही नाही. यंत्रास मात्र तो फार लांब वाटतो. ‘पाकीट हरवले’ असे समजून ते पुन्हा तेच पाठविते, पुन्हा तेच पाठविते आणि संभाषण पुढे सरकतच नाही. उपाय सोपा आहे. यंत्राच्या मांडणीत अंतराचा आकडा भरून त्यास धीर धरावयास शिकवावे लागते. तबकड्या अगदी नेमक्या लागूनही दुवा चालत नाही, तेव्हा पुष्कळदा दोष या अधीरपणाचाच असतो.

डोंगरमाथ्यावर वीज कोठून आणावयाची? ती उन्हापासून आणि वाऱ्यापासून घेतली जाते. येथे अगोदर हिशेब करावा लागतो, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात केंद्र बंद पडते. समजा, केंद्रावरील यंत्रांस मिळून १० वॅट वीज लागते. यंत्रे रात्रंदिवस चालतात. तेव्हा २४ तासांत २४० वॅट-तास वीज खर्च होते. मोटारीत असते तशी १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर तीत १,२०० वॅट-तास वीज साठते. पण अशी बॅटरी पार रिकामी केली की तिचे आयुष्य घटते. म्हणून निम्मीच वीज वापरावी. ६०० भागिले २४० केले की अडीच दिवस येतात. सलग तीन दिवस सूर्य ढगांआड राहिला तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्व गावे मुकी होतील. मग आणखी एक बॅटरी जोडावी लागते आणि ती पाठीवर घेऊन चढावी लागते. तिचे वजन २५ ते ३० किलो असते, हे हिशेबात कोणी धरीत नाही. वाहणाऱ्याच्या मात्र ते ध्यानात राहते.

माथ्यावर सर्वांत मोठे भय विजेचे. म्हणजे आकाशातून पडणाऱ्या विजेचे. उघड्या डोंगरावर सर्वांत उंच वस्तू तबकडीचा खांबच असतो. म्हणून खांबाच्या टोकापासून तांब्याची जाड पट्टी खाली आणून जमिनीत खोल, ओलाव्यापर्यंत पुरतात. खडकाळ जमिनीत ओलावा मिळणे दुरापास्त. तेथे खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालण्याची रीत आहे. इतके करूनही वीज जवळ कोसळली तर यंत्रे जळण्याचा संभव राहतोच. शहाणा गाव एक जादा यंत्र कपाटात ठेवतो.

गावात उतरलेला संदेश घरोघर पोचविणे हे काम त्या मानाने लहान. शाळेच्या किंवा दुसऱ्या एखाद्या उंच घराच्या छपरावर एक यंत्र बसवून त्याच्या लहरी वस्तीवर सोडतात. ज्या घरास जोडून घ्यावयाचे असेल त्याने आपल्या ओसरीवर लहान अँटेना लावून त्या घ्याव्या. मात्र डोंगरी गावातील घराच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या, दगडाच्या असतात आणि अनेक छपरे पत्र्याची असतात. पत्र्यातून लहरी मुळीच जात नाहीत. दगडातून गेल्या तरी क्षीण होतात. तेव्हा अँटेना बाहेर, गावच्या यंत्राच्या समोर लावावी, तेथून तार भिंतीतून आत न्यावी आणि तिला घरातला राऊटर जोडावा. हा राऊटर कपाटाच्या आड किंवा पत्र्याच्या पेटीवर ठेवू नये. घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याहून थोडा उंच असा फळीवर ठेवावा. घरजाळ्यास एक नाव आणि एक परवलीचा शब्द देतात. तो शब्द भिंतीवर लिहून ठेवणारी घरे पुष्कळ असतात. दारास कुलूप घालून किल्ली तेथेच खुंटीवर टांगण्याचा हा प्रकार होय.

ही वाट खुली झाल्यावर तिच्यावरून काय काय जाऊ लागले? उंच कुरणांवर याक राखणारे गुराखी घरच्यांशी आणि व्यापाऱ्यांशी बोलू लागले. म्हैस विकावयाची असेल, मध विकावयाचा असेल, तर त्याची वर्दी गावांच्या जाळ्यावर लागू लागली. पूर्वी हीच वर्दी देण्यासाठी दिवसभर चालावे लागे. एखाद्या विषयाचा चांगला शिक्षक एकाच गावी असे. त्याचा पाठ दुसऱ्या गावची मुले पडद्यावर पाहू लागली. गावच्या दवाखान्यातील परिचारिका रोग्यास समोर बसवून दूरच्या रुग्णालयातील डॉक्टरांस त्याची लक्षणे सांगू लागली. रोग्यास डोंगराखाली न्यावे की नाही, हा डोंगरी गावात जीवनमरणाचा प्रश्न असतो. नेण्यासाठी चार तगडी माणसे लागतात. आणि न नेल्यास काय होईल याची खात्री नसते. निदान तो निर्णय आता कोणास तरी विचारून घेता येऊ लागला.

२००७ सालापर्यंत नांगीच्या भोवतालची बारा गावे या जाळ्यात आली होती. पुढे आणखी अनेक गावे येत गेली. २००६ साली संघर्ष संपला आणि त्यानंतर नेपाळात या लहरींचा वापर परवान्याशिवाय करण्याची मुभा मिळाली. (भारतात २४० कोटी कंपांच्या लहरींसाठी ती २००५ साली देण्यात आली होती.) २००७ साली महावीर पुन यांस सामुदायिक नेतृत्वासाठी मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. याच विभागातील पहिला पुरस्कार १९५८ साली आचार्य विनोबा भावे यांस मिळाला होता. २०१४ साली इंटरनेटच्या मानकऱ्यांच्या जागतिक यादीतही पुन यांचे नाव घेण्यात आले.

आता नेपाळातील पुष्कळ डोंगरी गावांत मोबाईल टेलिफोन पोचले आहेत. मोबाईलचे मनोरेही एकमेकांशी बोलतात ते बहुधा याच रीतीने. महाराष्ट्रात घाटमाथ्यावर किंवा तालुक्याच्या गावी असलेल्या मनोऱ्याकडे नीट पाहिले, तर उभट पट्ट्यांच्या जवळपास ढोलाच्या आकाराचे गोल, पांढरे डबे लावलेले दिसतात. त्या डब्यांत तबकडीच असते. डब्याचे तोंड ज्या दिशेस असेल त्या दिशेस पाहत गेले, तर दूरच्या एखाद्या टेकडीवर दुसरा मनोरा दिसतो आणि त्यावर तसाच डबा या मनोऱ्याकडे तोंड करून असतो. दोहोंच्या मध्ये कोणी उंच इमारत बांधली तर डबा काढून वर चढवावा लागतो.

नांगीसारख्या ठिकाणी अशा केंद्राची निगा गावासच राखावी लागते. पावसाळ्यापूर्वी कोणीतरी माथ्यावर जातो. सौर पॅनेलवरची धूळ पुसतो, बॅटरीची टोके घासून त्यांस वंगण लावतो, वाऱ्याने फिरलेली तबकडी पुन्हा नीट करतो. तबकडी बोटभर फिरवावयाची, थांबावयाचे, संगणकावर लहरींचे बळ किती दिसते ते पाहावयाचे आणि पुन्हा बोटभर फिरवावयाची. आकडा वाढता वाढता घटू लागला की एक बोट मागे यावयाचे आणि तेथे खिळा आवळावयाचा. थंडीत बोटे आखडतात आणि या कामास अर्धा दिवस लागतो. काम झाले की तो खाली गावास संदेश पाठवितो. आणि पोच आली म्हणजे पान्हे पिशवीत घालून उतरू लागतो.